जे लिहिलेले नव्हते ते वाचणारे

शास्त्रवाचन : प्रकटीकरण ९:१–२१, यशया ३८:१–६, लूक २४:१३–३५



आमच्या मंडळीत महाविद्यालयात शिकणारी एक तरुणी आहे. एका रविवारी उपासनेनंतर ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि टेलर स्विफ्ट नावाच्या अमेरिकन गायिकेविषयी मला समजावून सांगू लागली. ह्या गायिकेच्या २००६ सालच्या पहिल्या गीतसंग्रहासोबत गीतांची एक पुस्तिका होती. त्या पुस्तिकेत छापलेल्या शब्दांमध्ये मधूनच एखादे अक्षर कारण नसताना मोठे छापलेले आढळे. अशी मोठी अक्षरे क्रमाने जुळविली की प्रत्येक गीताखाली दडलेला एक छोटासा निरोप हाती लागे. पुढच्या काही संग्रहांतही तिने हीच रीत ठेवली. त्या तरुणीने ही अक्षरे स्वतः वेचली होती, वहीत उतरविली होती, आणि कोणता निरोप कोणत्या प्रसंगाला लागू पडतो ह्याविषयी तिची मतेही ठाम होती.

मी ऐकत होतो, आणि खरे सांगायचे तर माझ्या मनात थोडा मत्सर जागा झाला. एकेका अक्षरावर एवढी नजर ठेवणारा वाचक भाषांतराच्या कामात मिळाला असता तर किती बरे झाले असते! आमच्या कित्येक मसुद्यांतील चुका छपाईला जाण्यापूर्वीच सापडल्या असत्या. तेव्हा आजच्या तरुणांनी गाण्यांच्या नादी लागू नये, असा उपदेश करण्यासाठी मी ही लेखणी हाती घेतलेली नाही. ज्याच्यावर आपले प्रेम असते त्याचे शब्द आपण पुन्हा पुन्हा वाचतो. मसोरा-परंपरेतील यहूदी शास्त्र्यांनी इब्री शास्त्राची अक्षरे मोजून ठेवली होती आणि पंचग्रंथाचे मधले अक्षर कोणते ह्याची नोंद केली होती. ती मोजणी कशासाठी होती? नकलून काढणाऱ्याच्या हातून एक अक्षरही गळू नये वा वाढू नये ह्यासाठी. लिहिलेले आहे ते जसेच्या तसे राहावे, एवढाच तिचा हेतू होता.

त्या तरुणीच्या शोधातही एक गोष्ट निरोगी होती. ती अक्षरे गायिकेने खरोखरच मुद्दाम पेरली होती, आणि तसे तिने स्वतः सांगितलेही होते. दडविणारा होता, म्हणून शोधणाऱ्याला सापडले. पण दडविणारा कोणीच नसताना सापडू लागले तर? अशा एका चाहत्याची कथा मला आज आपल्यापुढे मांडावयाची आहे. कारण त्याच्या हातात गाण्यांच्या तबकडीबरोबर दुसरेही एक पुस्तक होते, आणि ते पुस्तक आपले आहे.

१९६८ सालच्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या ‘बीटल्स’ ह्या गायकवृंदातील चौघे तरुण आपल्या देशात, ऋषिकेशला, महर्षी महेश योगी ह्यांच्या आश्रमात आले होते. ध्यानधारणेपेक्षा तेथे गीतरचनाच अधिक झाली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्या गीतांपैकी पुष्कळशी २२ नोव्हेंबर १९६८ रोजी निघालेल्या त्यांच्या जोडतबकडीत आली. तीत ३० गीते होती. वेष्टन पांढरेशुभ्र, चित्राविना; त्यावर केवळ वृंदाचे नाव उठविलेले होते. लोक तिला ‘व्हाइट अल्बम’ म्हणू लागले.

ह्या चौघांच्या गीतांत गुपिते शोधण्याचा छंद त्याआधीच सुरू झाला होता. जॉन लेननच्या जुन्या शाळेतील एका विद्यार्थ्याने त्याला पत्राने कळविले की, आमच्या वर्गात शिक्षक तुमच्या गीतांचे अर्थ लावून घेतात. हे वाचून लेननला हसू आले, आणि १९६७ साली त्याने मुद्दाम, कोणालाही अर्थ लागू नये अशा बेताने, एका वॉलरसाविषयी गीत रचले. त्याचेही अर्थ लागले! मग ‘व्हाइट अल्बम’मध्ये त्याने अर्थ शोधणाऱ्यांचीच थट्टा करणारे एक गीत घातले. शोधणाऱ्यांनी ती थट्टाही नवा धागा म्हणून वहीत नोंदविली. १९६९ च्या शरदात तर पॉल मॅकार्टनी हा फार पूर्वीच मरण पावला असून त्याच्या जागी तोतया गात आहे, अशी आवई अमेरिकेत उठली. ‘ॲबी रोड’ ह्या नव्या तबकडीच्या चित्रात तो अनवाणी रस्ता ओलांडतो, म्हणून तो मेलेला! मिशिगन विद्यापीठातील एका विद्यार्थ्याने तेथील विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात ऑक्टोबर महिन्यात ह्याविषयी लेख लिहिला. त्यातील कित्येक पुरावे त्याने आपल्याच डोक्यातून काढले होते, आणि लोकांनी तेही खरे मानले. नोव्हेंबरात ‘लाइफ’ साप्ताहिकाने पॉलचे त्याच्या कुटुंबासह चित्र छापले, तरी सारेच संशयी गप्प बसले नाहीत. जिवंत माणूस समोर उभा राहून बोलू लागला, तरी ज्याला पुरावा हवा आहे त्याला तो तोतयाच दिसतो.

येथवर आपण हसू शकतो.

चार्ल्स मॅन्सन १९६७ साली तुरुंगातून सुटला तेव्हा तो ३२ वर्षांचा होता, आणि त्या आयुष्याचा निम्म्याहून अधिक काळ त्याने सुधारगृहांत व तुरुंगांत घालविला होता. त्याला गायक व्हावयाचे होते. घरदार सोडून आलेली तरुण मुलेमुली त्याच्याभोवती जमली आणि लॉस एंजलिसजवळच्या एका कुरणघरात व पुढे डेथ व्हॅलीच्या ओसाड प्रदेशात त्याच्यासह राहू लागली. ‘व्हाइट अल्बम’ हाती आल्यावर त्याने ती तबकडी पुन्हा पुन्हा ऐकली. हे चौघे गायक समुद्रापलीकडून आपल्याशीच बोलत आहेत, अशी त्याची खात्री झाली. तीत ‘हेल्टर स्केल्टर’ नावाचे एक कर्कश गीत आहे. इंग्लंडमध्ये जत्रेत मनोऱ्याभोवती वळसे घेत खाली येणारी घसरगुंडी असते, तिचे हे नाव. इंग्लंडमधील लहान मुलालाही ते ठाऊक असते. मॅन्सनने ते काळ्या आणि गोऱ्या लोकांमध्ये लवकरच पेटणाऱ्या युद्धाचे नाव मानले.

आणि मग त्याने पवित्र शास्त्र उघडले. त्या तबकडीत ‘रिव्होल्यूशन नाइन’ नावाचा आठ मिनिटांहून मोठा आवाजांचा गोंधळ आहे. त्याला धड गीतही म्हणता येत नाही. मॅन्सनच्या कानाला ‘रिव्होल्यूशन’ म्हणजे ‘रेव्हलेशन’ ऐकू आले, आणि त्याने प्रकटीकरणाचा नववा अध्याय काढला. तेथे फरात नदीजवळ बांधून ठेवलेले चार देवदूत आहेत : हे चौघे गायक तेच. टोळांना स्त्रियांसारखे केस आहेत : गायकांचे केस लांबच होते. उरस्त्राणे आहेत : त्या त्यांच्या विजेवर वाजणाऱ्या गिटारी. अथांग विवराची किल्ली आहे : डेथ व्हॅलीच्या वाळूखाली एक गुहा असेल, युद्ध संपेपर्यंत आपण तिच्यात लपून राहू आणि मग बाहेर येऊन राज्य करू. राहिला पाचवा देवदूत. तो कोण, हे मॅन्सनच्या अनुयायांना विचारावे लागले नाही.

ह्या सर्वाची साक्ष त्याच्याच अनुयायांनी पुढे न्यायालयात दिली. त्या गुन्ह्यांमागे हाच एक हेतू होता की आणखीही काही, ह्यावर नंतरच्या लेखकांनी वाद घातला आहे. परंतु तो हे शिकवीत असे ह्यात शंका राहिलेली नाही. १९६९ च्या ऑगस्टमध्ये लागोपाठच्या दोन रात्री त्याच्या सांगण्यावरून लॉस एंजलिसमधील दोन घरांत सात माणसांची हत्या झाली. त्यांपैकी शॅरन टेट ही अभिनेत्री साडेआठ महिन्यांची गरोदर होती. दुसऱ्या घरातील फ्रिजच्या दारावर मारेकऱ्यांनी त्या गीताचे नाव रक्ताने लिहिले, आणि तेही लिहिताना एक अक्षर चुकविले. १९७१ च्या जानेवारीत मॅन्सन दोषी ठरला. त्याला झालेली देहान्ताची शिक्षा १९७२ साली जन्मठेपेत बदलली, आणि २०१७ साली तो बंदी असतानाच मरण पावला.

प्रिय वाचकहो, हा मनुष्य वेडा होता असे म्हणून आपण पान उलटू शकतो. लेननने मात्र पुढे एका मुलाखतीत अशा आशयाचे उद्गार काढले की, आमच्या गीतांत गूढ अर्थ पाहणाऱ्या इतर चाहत्यांसारखाच हाही एक. मला हे म्हणणे विचार करण्याजोगे वाटते. इतर कोणा चाहत्याने खून केले नाहीत, हे खरे. पण त्याची वाचण्याची रीत काही वेगळी होती काय? ती रीत आपल्या ओळखीची नाही काय?

भाषांतरकार म्हणून मी त्याच्या वाचनाकडे पाहतो तेव्हा पहिली गोष्ट मला दिसते ती ही की, ते मराठीत आणताच येत नाही. ‘क्रांती’ आणि ‘प्रकटीकरण’ ह्या दोन शब्दांत कोणते नादसाम्य आहे? मूळ ग्रीक शब्द ‘अपोकॅलुप्सिस’, त्यातही नाही. सारा डोलारा इंग्रजी भाषेच्या एका योगायोगावर उभा होता. आणि नऊ हा आकडा? योहानाने पात्म बेटावर जे लिहिले त्याला अध्यायच नव्हते. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन ह्या इंग्रज पंडिताने वाचकांच्या सोयीसाठी पाडले, आणि नव्या करारातील वचनांचे क्रमांक पॅरिसच्या रॉबेर एस्तिएन ह्या मुद्रकाने १५५१ साली घातले. लेननच्या ध्वनिफितीतील नवाचा आकडादेखील स्टुडिओत पडून असलेल्या एका जुन्या परीक्षेच्या फितीतून आला होता. म्हणजे एका पंडिताने पानावर टाकलेली खूण आणि कोणा अनामिकाचा फितीवरचा आवाज, ह्या दोहोंची गाठ मॅन्सनने घातली आणि तिला परमेश्वराची वाणी म्हटले.

‘अपोकॅलुप्सिस’ ह्या शब्दाचा अर्थच मुळी ‘आच्छादन दूर करणे’ असा आहे. ज्याच्यावरचा पडदा देवाने काढला, त्यावर आपण पुन्हा पडदा घालतो आणि मग तो उचलून पाहण्याचे कसब आपल्यालाच साधले आहे, असे मिरवतो! दानीएलाला त्याच्या पुस्तकाच्या शेवटी ग्रंथ मुद्रित करून ठेवण्याची आज्ञा झाली होती. योहानाला बावीसाव्या अध्यायात नेमकी उलट आज्ञा होते : ह्या वचनांवर मुद्रा मारू नकोस. आशियातील सात मंडळ्यांमध्ये हे पुस्तक मोठ्याने वाचले जावयाचे होते, आणि ऐकणाऱ्यांत दासही होते, विधवाही होत्या. त्यांना टोळ म्हणजे काय हे कोणी कानात सांगावे लागत नव्हते. मिसर देशावर आलेले टोळ त्यांना निर्गमाच्या पुस्तकातून ठाऊक होते, आणि योएलाने टोळधाडीला सैन्याची उपमा दिली आहे हेही ठाऊक होते. आपले पापी साम्राज्य अजिंक्य आहे असे मानणाऱ्या जगावर देव न्याय आणतो, आणि तरीही त्या न्यायाला मर्यादा घालतो, हे त्यांना त्या चित्रांतून कळत होते.

मात्र मला सर्वांत अधिक अस्वस्थ करते ते दुसरेच. नववा अध्याय एकवीस वचनांचा आहे. शेवटच्या दोन वचनांत सबंध दर्शनाचा रोख उघड होतो. एवढ्या पीडा येऊनही उरलेल्या माणसांनी आपल्या मूर्ती सोडल्या नाहीत आणि पश्चात्ताप केला नाही, असे योहान दुःखाने सांगतो. आणि ज्या पापांचा पश्चात्ताप त्यांनी केला नाही त्यांची यादी देतो. त्या यादीत अगदी आरंभी काय आहे? नरहत्या. शेवटचे वचन उघडून पाहा. ज्या अध्यायाला मॅन्सनने आपली आज्ञा मानले, तोच अध्याय त्याला खुनी म्हणून हाक मारीत होता आणि मागे फीर असे सांगत होता. तो त्या पानावर किती वेळा गेला असेल! केसांविषयीचे वचन त्याला दिसले, उरस्त्राणांचे दिसले, किल्लीचे दिसले. हे दिसले नाही.

आता आपल्याकडे वळू. आपण तबकड्यांत निरोप शोधत नाही. पण १९९७ साली मायकेल ड्रॉस्निन ह्या अमेरिकन पत्रकाराने पवित्र शास्त्रात गुप्त संकेत असल्याचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा आपल्यातीलही कित्येकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले. इब्री पंचग्रंथातील अक्षरे ठराविक अंतर सोडून उचलली की, इस्राएलचे पंतप्रधान राबिन ह्यांच्या १९९५ सालच्या हत्येसारख्या घटना त्यांत आढळतात, असा त्याचा दावा होता. ‘मोबी डिक’ ह्या कादंबरीत कोणा पंतप्रधानाच्या हत्येचा संकेत टीकाकारांनी शोधून दाखवावा, मग मी त्यांचे मानीन, असे आव्हान त्याने दिले. ब्रेंडन मॅके ह्या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाने ते स्वीकारले, आणि देवमाशाच्या त्या कथेत त्याच पद्धतीने अनेक हत्या शोधून दाखविल्या. त्यांत आपल्या इंदिरा गांधींचीही होती. हवे तेवढे अंतर सोडून अक्षरे उचलण्याची मुभा असेल, तर कोणत्याही जाड पुस्तकात हवे ते सापडते.

पण गणित बाजूला ठेवा. अशा संकेतांविषयी माझी तक्रार भाषांतरकाराची आहे. इब्री अक्षरांच्या अंतरात दडलेला निरोप मराठीत येत नाही. तमिळमध्ये येत नाही, खासीतही येत नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे इब्री आणि ग्रीक शास्त्र साध्या मराठीत आणण्यात वेचली. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. देवाचे खरे म्हणणे जर अक्षरांच्या फटींत असते, तर केडगावच्या त्या म्हाताऱ्या बाईने रिकामे भांडेच खेड्यांतील स्त्रियांच्या हाती दिले असे होईल. पण प्रभू येशू जी अरामी भाषा बोलला, तिच्यातील त्याचे मोजकेच शब्द आपल्यापाशी उरले आहेत. त्याची बहुतेक वचने आपल्याला आरंभापासूनच ग्रीकमध्ये, म्हणजे भाषांतरातच मिळाली. ज्या देवाने आपल्या पुत्राचे शब्द भाषांतराच्या स्वाधीन केले, तो आपला निरोप भाषांतरात हरवेल अशा जागी ठेवीत नाही.

हे सारे मला धर्मशास्त्राच्या वर्गात शिकविले गेले होते, आणि मी परीक्षेत उत्तम लिहिलेही होते. आता जे सांगतो ते त्या पदवीनंतर काही वर्षांनी घडले.

माझे वडील इस्पितळात होते. एका रात्री व्हरांड्यातील बाकावर बसून मी पवित्र शास्त्र सहज मध्येच उघडले. यशयाचा अडतिसावा अध्याय निघाला. हिज्कीया राजा मरणाला टेकला आहे, तो भिंतीकडे तोंड फिरवून रडतो आणि प्रार्थना करतो, आणि त्याच्या आयुष्याची पंधरा वर्षे वाढविण्याचे वचन देव देतो. माझी नजर त्या पंधराच्या आकड्यावर स्थिरावली. वडिलांच्या खाटेचा क्रमांक १५ होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला. ती महिन्याची पंधरा तारीख होती. अंगावर काटा आला म्हणतात तसा तो खरोखर आला. मी आईला सांगितले, मंडळीतील वडीलजनांना सांगितले, आणि आभारप्रदर्शनाची प्रार्थनाही करविली.

त्या दिवसांत वडील दोनतीनदा मला जवळ बोलावून म्हणाले, “अरे, जरा बस. माझं ऐकून घे. तुझ्या काकाला बोलावून घे.” काका त्यांचे धाकटे भाऊ. शेताच्या वाटणीवरून दोघांमध्ये कितीतरी वर्षे बोलणे नव्हते. मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणत असे, “बाबा, घाई काय आहे? तुमच्यापुढे अजून पंधरा वर्षे आहेत. घरी गेल्यावर आपणच जाऊ काकांकडे.” ते माझ्याकडे पाहत आणि गप्प होत. माझ्या विश्वासाचे त्यांना समाधान वाटत असावे, असा मी त्याचा अर्थ लावला. तेही एक चिन्हच होते ना!

अकराव्या दिवशी पहाटे ते गेले. आई त्यानंतर एकदाच ह्याविषयी बोलली. ती म्हणाली, “त्यांना काहीतरी सांगायचं होतं रे.”

मॅन्सनला मी वेडा म्हणून सोडून का देऊ शकत नाही, हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

लूकच्या चोविसाव्या अध्यायात अम्माऊसच्या वाटेने दोघे शिष्य जात आहेत. त्यांनाही शास्त्र ठाऊक होते, आणि त्यातून त्यांनी एक अर्थ काढला होता : हाच इस्राएलाची मुक्ती करणार अशी आम्हांला आशा होती, असे क्लयपा त्या अनोळखी वाटसरूला सांगतो. त्या आशेत सर्व काही होते, फक्त ख्रिस्ताने दुःख सोसणे नव्हते. पुनरुत्थित प्रभू त्यांना नवे पुस्तक देत नाही. जुनेच पुस्तक, मोशेपासून आरंभ करून, सगळे वाचून दाखवितो. येथे लूकने ‘अर्थ सांगितला’ ह्यासाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे, तोच शब्द प्रेषितांच्या कृत्यांत टबीथा ह्या नावाचे भाषांतर सांगताना येतो. भाषांतर करणाऱ्यांना ह्या वचनाचा थोडा अभिमान वाटला तर प्रभू क्षमा करो. आणि ‘उघडणे’ हे क्रियापद ह्या एका अध्यायात तीनदा येते : त्यांचे डोळे उघडले गेले, त्याने शास्त्र उघडले, आणि शेवटी त्याने त्यांचे मन उघडले. शास्त्र उघडे होते आणि मन मिटलेले होते, म्हणून ते दोघे तीन दिवस रडत होते.

त्यांच्या अंतःकरणाला ऊब आली ती प्रभूने त्यांची इच्छा पुरविली म्हणून आली काय? त्याने तर त्यांना मंदमती म्हटले होते. ज्या वचनांवरून ते भरभर पुढे गेले होते, तेथे त्याने त्यांना थांबविले. पांढऱ्या वेष्टनाची ती तबकडी मॅन्सनला एकदाही ‘नाही’ म्हणाली नाही. म्हणू शकतच नव्हती. आणि प्रकटीकरणाचे पुस्तक म्हणत होते तेव्हा त्याने ते तिच्यासारखेच मुके करून टाकले. वाटेवरचा तो तिसरा वाटसरू मात्र ‘नाही’ म्हणत होता, आणि तरी दिवस मावळल्यावर त्या दोघांनी त्याला आग्रहाने थांबवून घेतले. तो एकेकट्याला भेटला नाही हेही लक्षात घ्या. दोघे होते, एकाने चुकीचे ऐकले असते तर दुसरा म्हणू शकला असता की, त्याने असे म्हटले नाही.

वडिलांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी आमच्या भाषांतर समितीपुढे यशयाचा मसुदा आला. अडतिसावा अध्याय माझ्याकडे नव्हता, म्हणून मी नुसता ऐकत होतो. एक सहकारी पहिले वचन वाचीत होते आणि त्यातील एका इब्री वाक्यांशावर चर्चा चालली होती. यशया आजारी राजाकडे येतो तेव्हा तो प्रथम पंधरा वर्षांविषयी बोलतच नाही. तू मरणार आहेस, तेव्हा आपल्या घराला आज्ञा दे, असे तो म्हणतो. ‘आज्ञा दे’ हे मराठीत बरे दिसेना. घराची व्यवस्था लाव, असे कोणी सुचविले. समितीतील एक वृद्ध पाळक म्हणाले, “आपल्या बोलीत सरळ म्हणावयाचे तर, घरच्यांना काय सांगायचे ते आता सांगून टाक.”

मी उठून बाहेर गेलो. पाचवे वचन मला पाठ होते. पहिले वचन त्याच पानावर, चार ओळी वर होते.

त्या आठवड्यात मी इटारसीला गेलो. काका रेल्वेतून निवृत्त होऊन तेथेच राहत होते. वडिलांच्या मातीला ते आले होते, मागे उभे राहिले होते आणि कोणाशी न बोलता परत गेले होते. मी त्यांना इस्पितळातले सगळे सांगितले, पंधराच्या आकड्यासकट. आपण त्यांना का बोलावले नाही, हेही सांगितले. काकूंनी चहा आणून ठेवला होता, तो तसाच राहिला. बराच वेळ काका खिडकीबाहेर पाहत बसले. मग त्यांनी विचारले, “दादाने स्वतः माझं नाव घेतलं होतं?”

“घेतलं होतं, काका,” मी म्हणालो. “शेवटच्या दिवशीसुद्धा.”